रिपोर्ट थांबला तरी चालेल, काटा थांबता कामा नये: मेटाबेस आणि पोस्टग्रेसच्या प्रगत सेटिंगविषयी

धुळे जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या कार्यालयात संगणकाचे काम सांभाळणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काटा, कापूस खरेदी आणि शेतकऱ्यांचे चुकारे या सर्वांच्या नोंदी एकाच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये होतात. तो डेटाबेस चार कोअर आणि १६ जीबी मेमरी असलेल्या एका मशीनवर आहे आणि अहवालांसाठी घेतलेले मेटाबेसही त्याच मशीनवर चालते. सकाळी अकराच्या सुमारास मालक मोबाइलवर डॅशबोर्ड उघडतात आणि नेमकी त्याच वेळी काट्यावरची पावती दहा-पंधरा सेकंद अडकते. दुसरी अडचण अशी, की रोजच्या आवकेचा डॅशबोर्डवरचा आकडा काट्याच्या वहीशी जुळत नाही, पण महिन्याचा मात्र जवळजवळ जुळतो. शेवटी त्यांनी विचारले आहे, की कनेक्शनच्या फॉर्ममध्ये ‘प्रगत पर्याय’ उघडल्यावर जी खटक्यांची रांग दिसते, तिच्यातले कोणते चालू ठेवावेत आणि कोणते बंद.

ताई, मी जळगाव परिसरातल्या डाळमिल, जिनिंग आणि चटईच्या कारखान्यांसाठी हेच काम करत आलो आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. कोणताही खटका हलवण्याआधी मी मनाशी एकच गोष्ट पक्की करतो: हा डेटाबेस काट्याचा आहे आणि अहवाल तिथे पाहुणा म्हणून येतो. पाहुण्याने किती जागा घ्यायची, किती वेळ बसायचे, कोणत्या खोलीत जायचे, हे घराने ठरवायचे असते. म्हणून मी महत्त्वाच्या मर्यादा मेटाबेसच्या फॉर्ममध्ये न लिहिता डेटाबेसमध्ये, अहवालासाठी केलेल्या स्वतंत्र रोलवर, म्हणजे डेटाबेसमधल्या वापरकर्त्याच्या खात्यावर, लिहितो. फॉर्म उद्या कोणीतरी नव्याने भरेल, मेटाबेसच्या जागी दुसरे सॉफ्टवेअर येईल, एखादा हिशेबनीस एक्सेल थेट डेटाबेसला जोडेल. मर्यादा रोलवर असेल तर ती या प्रत्येकाला लागू होते.

आपण सध्या मेटाबेसला काट्याच्या सॉफ्टवेअरचाच वापरकर्ता आणि पासवर्ड दिलेला आहे, असे आपल्या वर्णनावरून दिसते. सर्वात आधी ते बदला. अहवालासाठी वेगळा रोल करा आणि त्याच्यासाठी वेगळा स्कीमा, म्हणजे डेटाबेसमधला स्वतंत्र कप्पा, करा. मी त्याला ‘अहवाल’ असेच नाव देतो. या स्कीमामध्ये फक्त व्ह्यू, म्हणजे मूळ तक्त्यातले निवडक स्तंभ दाखवणारे आभासी तक्ते, ठेवा आणि रोलला तेवढेच वाचण्याचा अधिकार द्या. पोस्टग्रेसच्या चौदाव्या आवृत्तीपासून सगळे काही वाचू देणारा एक तयार रोल मिळतो आणि तो देऊन मोकळे होण्याचा मोह होतो, परंतु आपल्याकडे शेतकऱ्यांच्या तक्त्यात बँक खात्याचे क्रमांक आणि आधार क्रमांक असतात. आवकेचा आलेख पाहणाऱ्या माणसाला त्यांची गरज नाही. व्ह्यू हा मूळ तक्ता वाचताना सामान्यतः व्ह्यूच्या मालकाचे अधिकार वापरतो, त्यामुळे मूळ तक्त्यावर कोणताही अधिकार न देता शेतकऱ्याचे नाव, गाव आणि वजन एवढेच स्तंभ दाखवता येतात. ‘व्यवहार केवळ वाचनापुरते’ अशी एक सेटिंगही रोलवर लावता येते. ती लावा, पण संरक्षण म्हणून तिच्यावर विसंबू नका, कारण जोडलेला वापरकर्ता ती स्वतः बदलू शकतो. खरी भिंत अधिकारांचीच.

आता पावती का अडकते ते पाहू. पोस्टग्रेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही, कारण प्रत्येक ओळीच्या जुन्या-नव्या आवृत्त्या एकाच वेळी सांभाळल्या जातात. म्हणजे साधा अहवाल पावतीला कुलूप लावून बसलेला नसतो. अडचण डिस्क, प्रोसेसर आणि मेमरी यांच्या ओढाताणीची असते. आपल्या आकड्यांचा अंदाज घेऊ. हंगामात रोज २०० वाहने आणि १५० दिवस धरले, तर पाच हंगामांत काटापावत्या होतात दीड लाख. दीड लाख ओळी पोस्टग्रेसला जड नाहीत. परंतु आपण लिहिले आहे, की काट्याच्या इंडिकेटरकडून येणारे वजन दर सेकंदाला एका तक्त्यात साठते आणि ‘रिकामे आणि भरलेले वजन’ दाखवणारा अहवाल त्या तक्त्याला जोडलेला आहे. दिवसाला ८६,४०० ओळी, म्हणजे १५० दिवसांत १ कोटी २९ लाख ६० हजार. तुमचा जडपणा इथे आहे.

या तक्त्यातल्या कच्च्या नोंदी अहवालाच्या रोलला दिसण्याचे काहीही कारण नाही. पावतीवर दोन्ही वजने छापली जातात, ती पावतीच्या तक्त्यातच असतात, अहवालाने तिथूनच घ्यावीत. त्यानंतरही एखादा अहवाल रेंगाळत असेल, तर क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) कशी चालते ते दाखवणारी ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ ही आज्ञा लावून पाहा. आपल्याकडे हमखास सापडणारी चूक अशी असते, की वेळेच्या स्तंभाचे आधी तारखेत रूपांतर केले जाते आणि मग ती तारीख आजच्या तारखेशी ताडली जाते. असे केले, की त्या स्तंभावर असलेला साधा इंडेक्स (ओळी चटकन शोधण्याची सूची) उपयोगी पडत नाही आणि सगळा तक्ता वाचला जातो. त्याऐवजी ‘आजच्या दिवसाच्या आरंभापासून उद्याच्या आरंभाच्या आधीपर्यंत’ अशी दोन टोके द्यावीत. सेटिंगच्या नादात लोक हे पाहायचे विसरतात, म्हणून ते आधी सांगितले.

रोलवरच्या मर्यादांमध्ये सर्वात महत्त्वाची आहे ‘स्टेटमेंट टाइमआउट’, म्हणजे एका क्वेरीला मिळणारा कमाल वेळ. पोस्टग्रेसमध्ये तिचे मूळ मूल्य शून्य असते, म्हणजे क्वेरी कितीही वेळ चालू शकते. अहवालाच्या रोलसाठी मी ती ६० सेकंद ठेवतो. मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ती लिहू नये, कारण मग ती प्रत्येक जोडणीला लागू होते आणि हंगामाअखेरीची रात्रीची मोठी कामेही मध्येच तुटतात. पोस्टग्रेसची अधिकृत कागदपत्रेही तसे करू नका असेच सांगतात. ‘ऑल्टर रोल’ने त्या एका रोलवरच ती बसवा. एकक लिहायला विसरू नका, कारण नुसता ६० हा आकडा पोस्टग्रेस ६० मिलिसेकंद असा वाचतो आणि मग एकही अहवाल उघडत नाही. तिच्या जोडीला ‘व्यवहार उघडा ठेवून रिकामे बसणाऱ्या’ जोडणीची मर्यादाही ६० सेकंद करा. तिचेही मूळ मूल्य शून्यच असते.

ही मर्यादा नसली तर काय होते, ते मी एका डाळमिलमध्ये पाहिले आहे. तिथे वर्षभराच्या तूरखरेदीचा एक अहवाल चाळीस मिनिटे चालत असे आणि तो कधी संपतो याकडे कोणी लक्ष देत नसे. एके दिवशी सकाळी साडेअकराला बिलिंगचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने दूरवरून एका तक्त्यात नवा स्तंभ जोडायला घेतला. एरवी ते क्षणाचे काम. परंतु तक्त्याची रचना बदलायला त्या तक्त्यावर सर्वात कडक कुलूप लागते आणि चालू असलेला अहवाल त्या तक्त्यावर आपले हलके कुलूप धरून होता, म्हणून ती आज्ञा वाट पाहत उभी राहिली. तिच्या मागे जी जी नवी क्वेरी आली, ती साधी वाचणारी असली तरी, रांगेत तिच्या मागेच उभी राहिली. एकही बिल निघेना. आवारात भरलेले ट्रक उभे, माल घेऊन आलेले शेतकरी ट्रॅक्टरवर बसलेले, आणि त्यातले एक आजोबा दर पाच मिनिटांनी खिडकीशी येऊन विचारत होते, “आखो कितला येळ लागी, भाऊ?” मी पोहोचलो तेव्हा अर्धा तास गेला होता. ‘पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी’ या, चालू जोडण्या आणि त्यांच्या क्वेरी दाखवणाऱ्या, व्ह्यूमध्ये ती जुनी अहवालाची क्वेरी शोधून रद्द केली आणि पुढच्या सेकंदाला सगळी बिले छापली जाऊ लागली. त्या दिवसापासून मी ६० सेकंदांच्या मर्यादेशिवाय कुठलेही अहवालाचे सॉफ्टवेअर जोडलेले नाही. आपल्या पुरवठादारालाही सांगून ठेवा, की तक्त्याची रचना बदलताना त्यांच्या बाजूने ‘लॉक टाइमआउट’ तीन सेकंद लावावा, म्हणजे कुलूप मिळाले नाही तर त्यांची आज्ञा मागे हटेल आणि काटा चालू राहील.

मेमरीच्या बाबतीत ‘वर्क मेम’ ही सेटिंग नीट समजून घ्यावी लागते, कारण तिच्याबद्दल फार गैरसमज आहेत. तिचे मूळ मूल्य ४ एमबी आहे. लोक समजतात, की ती प्रत्येक जोडणीला एकदाच मिळते. प्रत्यक्षात क्वेरीमधल्या प्रत्येक क्रमवारीला आणि प्रत्येक हॅशला (जुळवणी-गटवारीसाठीच्या तात्पुरत्या कोष्टकाला) तेवढी मेमरी स्वतंत्रपणे घेता येते आणि पंधराव्या आवृत्तीपासून हॅशला तिच्या दुप्पट घेण्याची मूळ मुभा आहे. समजा, आपण ३२ एमबी दिले, सहा जोडण्या एकाच वेळी चालू आहेत आणि प्रत्येकीत अशी तीन कामे आहेत, तर ५७६ एमबी लागतील. आता पोस्टग्रेस एक क्वेरी वाटून घेण्यासाठी मूळ सेटिंगनुसार दोन मदतनीस प्रक्रिया घेऊ शकते आणि मुख्य प्रक्रिया धरून तीन होतात. त्या प्रत्येकीची मेमरी वेगळी, म्हणजे सहाही जोडण्यांना दोन-दोन मदतनीस मिळाले, तर कागदावर सुमारे १७०० एमबी. हॅशची दुप्पट मुभा यात धरलेलीच नाही. चार कोअरच्या मशीनवर, जिथे काटाही चालतो, तिथे अहवालाच्या रोलसाठी मी मदतनीस प्रक्रियांची संख्या शून्य करतो. अहवाल थोडा सावकाश येतो, पण चारपैकी तीन कोअर एका आलेखाने व्यापून टाकल्या असे होत नाही. ‘वर्क मेम’ १६ ते ३२ एमबीच्या दरम्यान आपल्याला पुरेल.

याच ओघात ‘टेम्प फाइल लिमिट’ही बसवा. क्वेरीला मेमरी अपुरी पडली, की ती डिस्कवर तात्पुरत्या फाइली करते आणि मूळ सेटिंगमध्ये त्यांना कोणतीही मर्यादा नाही. एका चुकलेल्या जोडणीने डिस्क भरली, तर पावतीची नोंदही लिहिता येणार नाही. अहवालाच्या रोलवर ५ जीबी ही मर्यादा ठीक आहे. ती सुपरयूजरने, म्हणजे डेटाबेसचे सर्व अधिकार असलेल्या वापरकर्त्याने, बसवावी लागते.

‘शेअर्ड बफर्स’, म्हणजे वाचलेला डेटा हाताशी ठेवण्याची सामायिक मेमरी, ही सर्व्हरची सेटिंग आहे, रोलची नाही. तिचे मूळ मूल्य १२८ एमबी आहे आणि मी तपासलेल्या बहुतेक कार्यालयांत ते तसेच राहिलेले असते. एकूण मेमरीचा साधारण चौथा हिस्सा, म्हणजे आपल्याकडे ४ जीबी, हा रूढ आरंभबिंदू. मात्र मेटाबेस हे जावावर चालते आणि जावाही काही सांगितले नाही तर मशीनच्या मेमरीचा चौथा हिस्सा स्वतःची कमाल मर्यादा मानते. दोन्ही मिळून अर्धी मेमरी गेली आणि उरलेल्यात काट्याचे सॉफ्टवेअर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिची डिस्क-कॅश. शक्य असेल तर मेटाबेस दुसऱ्या एखाद्या संगणकावर हलवा. हिशेब विभागातला ८ जीबीचा जुना संगणकही चालेल. ते जमत नसेल, तर जावाची मर्यादा हाताने २ जीबी करा. ‘शेअर्ड बफर्स’ बदलल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, तेव्हा काटा बंद असतानाची वेळ धरा.

जोडण्यांची संख्या हा फॉर्म आणि डेटाबेस या दोघांनी मिळून ठरवण्याचा विषय आहे. पोस्टग्रेस मूळ सेटिंगमध्ये १०० जोडण्या घेते आणि त्यातल्या तीन सुपरयूजरसाठी राखीव असतात. मेटाबेस एका डेटाबेससाठी जास्तीत जास्त १५ जोडण्यांचा पूल, म्हणजे उघड्या ठेवून पुन्हा वापरायच्या जोडण्यांचा साठा, ठेवते. अहवालाच्या रोलवर आठ जोडण्यांची मर्यादा घाला आणि मेटाबेसचा पूल त्याच्या पर्यावरण चलातून (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून) सहा करा. हे दोन आकडे या क्रमानेच असावेत. पूल मोठा आणि रोलची मर्यादा लहान राहिली, तर सकाळी तीन-चार डॅशबोर्ड एकदम उघडताच ‘या रोलसाठी फार जोडण्या झाल्या’ असा दोष येतो. पूल लहान असला तर जास्तीचे आलेख निमूटपणे आपल्या पाळीची वाट पाहतात, आणि आपल्याला हवे तेच घडते. दोन जागा मोकळ्या ठेवल्या, की अडचणीच्या वेळी आपण त्याच रोलने हाताने जोडून पाहू शकतो.

आता त्या खटक्यांविषयी. ‘साध्या शोधासाठी क्वेरी आपोआप पुन्हा चालवा’ हा बंद ठेवा. तो चालू असताना कोणी गाळणी लावली किंवा गट बदलला, की प्रत्येक बदलासरशी क्वेरी धावते. बंद केल्यावर बदल करून झाले, की बटण दाबावे लागते, आणि मोबाइलवर बोट चुकून लागण्याच्या काळात ते बरेच आहे. ‘सिंक आणि स्कॅन केव्हा व्हावे ते मी ठरवेन’ हा चालू करा, कारण मूळ वेळापत्रकात मेटाबेस दर तासाला तक्त्यांची रचना तपासते आणि रोज एकदा स्तंभांमधली वेगवेगळी मूल्ये गोळा करते. आपली रचना वर्षातून दोनदा बदलत असेल, म्हणून सिंक दिवसातून एकदा पुरे. स्कॅन ‘गाळणी जोडली जाईल तेव्हाच’ या पर्यायावर ठेवा. वेळ निवडताना जिनिंगची पाळी पाहा. शहरातल्या कार्यालयात पहाटे तीनची वेळ मोकळी असते, पण हंगामात आपला काटा रात्रीही चालतो, तेव्हा पाळी बदलण्याच्या आसपासची शांत वेळ शोधावी. ‘ठरावीक काळाने तक्त्यांचे नमुने पुन्हा घ्या’ आणि ‘जेसन स्तंभ उलगडा’ हे दोन्ही बंद. कनेक्शनच्या जादा पर्यायांच्या चौकटीत मी काहीही लिहीत नाही, कारण जे लिहायचे ते रोलवर लिहून झालेले आहे. एवढेच त्या रांगेविषयी.

दुसऱ्या प्रश्नावर मला अधिक बोलायचे आहे, कारण चुकीचा आकडा हा सावकाश आकड्यापेक्षा वाईट असतो. रोजची आवक जुळत नाही आणि महिन्याची जवळजवळ जुळते, हे लक्षण ऐकताच वेळेच्या पट्ट्याचा संशय घ्यावा. भारतीय वेळ ही जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. समजा, १२ जानेवारीच्या पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी एक ट्रॅक्टर काट्यावर आला. यूटीसीमध्ये ती वेळ ११ जानेवारीची रात्री १० वाजून १० मिनिटे. अहवाल यूटीसीने दिवस मोजत असेल, तर त्या ट्रॅक्टरचा कापूस आदल्या दिवशी जमा होतो. असा ‘दिवस’ पहाटे साडेपाचला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला संपतो. महिन्याच्या बेरजेत फक्त पहिल्या आणि शेवटच्या रात्रीचा फरक उरतो, म्हणून ती जुळल्यासारखी वाटते आणि चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

ही यूटीसी येते कुठून, हे फॉर्ममध्ये कुठेच लिहिलेले नसते. पोस्टग्रेसचा जावा-ड्रायव्हर जोडणी करताना ज्या जावावर तो चालतो तिचाच वेळपट्टा त्या सत्राला लावतो, आणि मेटाबेस डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर स्वतंत्र डब्यात चालवण्याच्या सोयीत) बसवले असेल तर तिथला पट्टा काही बदल केला नसल्यास यूटीसी असतो. म्हणून मेटाबेसच्या स्थानिकीकरणाच्या पानावर अहवालाचा वेळपट्टा स्पष्टपणे ‘एशिया/कोलकाता’ निवडा. जिथे वेळपट्टा हाताने लिहावा लागेल तिथेही हेच पूर्ण नाव लिहा. ‘आयएसटी’ असे संक्षेप लिहू नका, कारण पोस्टग्रेसच्या मूळ यादीत आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ, जी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. मी स्वतः या संक्षेपामुळे चुकलेले आकडे दुरुस्त केलेले आहेत आणि ते शोधायला एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

मात्र अहवालाचा वेळपट्टा निवडल्याने सारे सुटेल असे नाही, कारण तो फक्त वेळपट्ट्यासह साठवलेल्या स्तंभांना लागू होतो. म्हणून आपला स्तंभ कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. एक छापील काटापावती हातात घ्या, शक्यतो मध्यरात्रीनंतरची, आणि तिची नोंद डेटाबेसमध्ये थेट वाचून पाहा. स्तंभ वेळपट्ट्यासह असेल, तर वरची सेटिंग पुरेल. स्तंभ वेळपट्ट्याविना असेल आणि त्यात पावतीवरचीच वेळ दिसत असेल, तर रूपांतर मुळीच करू नका. स्तंभ वेळपट्ट्याविना आणि वेळ साडेपाच तास मागे असेल, तर ‘अहवाल’ स्कीमातल्या व्ह्यूमध्ये ती वेळ आधी यूटीसी मानून मग एशिया/कोलकातामध्ये बदला. नुसते साडेपाच तास मिळवण्याचा जुगाड कृपया करू नका. आज तो बरोबर दिसतो, पण पुढे कोणी योग्य सेटिंग लावली, की साडेपाच तास दोनदा मिळवले जातात आणि पुन्हा शोधाशोध सुरू होते.

हे झाल्यावरही वहीशी पूर्ण जुळणार नाही, जर आपल्या काट्याची वही पाळीप्रमाणे लिहिली जात असेल. पुष्कळ जिनिंगमध्ये दिवस सकाळी आठला सुरू होतो आणि रात्रपाळीची आवक आदल्या तारखेत धरतात. त्यासाठी व्ह्यूमध्ये ‘पाळीचा दिवस’ असा वेगळा स्तंभ करा: स्थानिक वेळेतून आठ तास वजा करून जी तारीख उरते ती. आवक, रुईच्या गाठी, सरकी, सगळे अहवाल याच स्तंभावर बांधा. गाठींची नोंद तारखेने आणि कापसाची नोंद पाळीने अशी सरमिसळ झाली, की रुईचा उतारा रोज वरखाली होताना दिसतो आणि मालक विनाकारण यंत्रावरच्या माणसाला जाब विचारतात. १७० किलोच्या गाठीचा हिशेब कापसाच्या क्विंटलशी लावताना दोन्हीकडचा दिवस एकच असला पाहिजे.

दिनदर्शिकेचा एक छोटा तक्ताही करून ठेवा, दर तारखेला एक ओळ. तीत एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष, ऑक्टोबर ते सप्टेंबर हा कापसाचा हंगाम, आणि दिवाळी, आखाजी यांसारखे दर वर्षी सरकणारे सण लिहा. मेटाबेसची तिमाही जानेवारीपासून मोजली जाते, म्हणून तिचा क्रमांक आपल्या आर्थिक वर्षाच्या किंवा हंगामाच्या तिमाहीशी जुळत नाही.

मालक रोज जे आठ-दहा आकडे पाहतात, त्यांच्यासाठी मटेरियलाइज्ड व्ह्यू करा, म्हणजे एकदा काढलेला सारांश साठवून ठेवलेला तक्ता. तो दर पंधरा मिनिटांनी ताजा करा. साध्या पद्धतीने ताजा करताना तो तेवढा वेळ वाचणाऱ्यांना बंद राहतो. ‘कन्करंटली’ हा पर्याय वापरला तर वाचन चालू राहते, पण त्यासाठी त्या व्ह्यूवर एक युनिक इंडेक्स असावा लागतो. पाळीचा दिवस आणि केंद्र हे दोन स्तंभ आपल्याला पुरतील. हे काम अहवालाच्या रोलने करू नका, त्याला ६० सेकंदांची मर्यादा आहे. व्ह्यूचा मालक असलेल्या रोलने करा. मेटाबेसमध्ये निकाल साठवून ठेवण्याची सोय आहे, परंतु पहिल्या पाहणाऱ्याला तरी ती मदत करत नाही, आणि आपली अडचण नेमकी सकाळच्या पहिल्या पाहण्याचीच आहे.

अहवालासाठी वेगळी प्रत, म्हणजे स्टँडबाय सर्व्हर, घ्यावा का, असेही आपण ओझरते विचारले आहे. आपल्या आवाक्याला आत्ता त्याची गरज मला वाटत नाही. घेतलाच, तर लक्षात असू द्या, की मुख्य सर्व्हरवरचे बदल लागू करण्यासाठी स्टँडबाय मूळ सेटिंगनुसार ३० सेकंद थांबतो आणि मग आड येणारी अहवालाची क्वेरी रद्द करतो. ते टाळण्यासाठी ‘हॉट स्टँडबाय फीडबॅक’ चालू करतात, पण त्याची किंमत मुख्य सर्व्हरवर मृत ओळी (ओळींच्या निरुपयोगी झालेल्या जुन्या आवृत्त्या) साचण्याने मोजावी लागते.

मेटाबेस स्वतःचे डॅशबोर्ड आणि प्रश्न कुठे ठेवते, हेही आजच पाहा. बसवताना काही निवडले नसेल, तर ते एच-टू नावाच्या एका फाइलमध्ये असतात. ती सोय केवळ चाचणीसाठी आहे आणि वीज अचानक गेली, तर फाइल बिघडू शकते. पोस्टग्रेसमध्ये वेगळा छोटा डेटाबेस करून ते तिथे हलवा आणि रोजच्या बॅकअपमध्ये धरा. जळगावच्या सीएसाहेबांना अहवाल बाहेरून पाहायचे असतील, तर राउटरवर पोस्टग्रेसचे ५४३२ क्रमांकाचे पोर्ट कधीही उघडू नका; त्यांना व्हीपीएनमधून फक्त मेटाबेसचे पान दाखवा.

सगळे बसवून झाल्यावर मेटाबेस एकदा पूर्ण बंद करून सुरू करा, कारण रोलवरच्या मर्यादा नव्या जोडण्यांनाच लागू होतात आणि पूलमधल्या जुन्या जोडण्या जुन्याच नियमाने चालत राहतात. मग अहवालाच्या रोलने जोडून ‘पीजी-स्लीप’ला १२० सेकंद झोपायला सांगा. साठाव्या सेकंदाला ‘स्टेटमेंट टाइमआउटमुळे रद्द’ असा संदेश आला, म्हणजे मर्यादा लागली. नंतर एखाद्या गर्दीच्या दिवशी सकाळी अकराला आपण स्वतः काट्याच्या खोलीत घड्याळ घेऊन बसा, कार्यालयातून कोणाला तरी सर्वात जड डॅशबोर्ड लागोपाठ तीनदा उघडायला सांगा, आणि त्या वेळात निघालेल्या प्रत्येक पावतीला किती सेकंद लागले ते वहीच्या समासात लिहून ठेवा. तीन सेकंदांच्या वर एकही पावती गेली, तर ‘पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी’मधल्या त्या क्षणाच्या ओळी उतरवून मला पाठवा; मेटाबेसच्या क्वेरीच्या माथ्यावर त्याच्या वापरकर्त्याचा क्रमांक टिपणीत लिहिलेला असतो, त्यावरून कोणत्या अहवालाने जागा अडवली ते सांगता येईल.